खिळ्यावरची पुंगळी

“नऊ हजार गोळ्या झाल्या, नऊ हजार! आणि एकदाही अडकलं नाही. अरे, माझं पिस्तूल साधं शिंकतसुद्धा नाही,” असं मर्ल उन्रूने सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कॅन्ससातल्या विचिटाच्या चांदमारी क्लबात पंधरा जणांसमोर, कमरेवर हात ठेवून सांगितलं. मग तो रेषेवर उभा राहिला, पिस्तूल उचललं, पहिली गोळी झाडली आणि ते अडकलं. नुसतं अडकलं असतं तर झटक्यात मोकळं करून, वारा खात होतो असं दाखवता आलं असतं. पण रिकामी पुंगळी बाहेर उडायची ती दारातच उभी राहिली, घशात काटा अडकलेल्या माणसाने तोंड वासावं तशी. मग त्याचा मेहुणा डुएन, बायको आर्डिसचा धाकटा भाऊ, हातातलं स्टॉपवॉच खिशात टाकत म्हणाला, “मास्तर, शिंकलं वाटतं.” मास्तर असं त्याला सगळाच क्लब म्हणायचा, कारण दर गुरुवारी ‘पिस्तुलाची निगा’ हा वर्ग तो घ्यायचा आणि निगा न राखणाऱ्यांची नावं घेऊन बोलायचा. आज ऐकून घेतलेले सगळे हजर होते. डुएनने ती पुंगळी चिमटीत धरून बाहेर काढली, तिला भोक पाडून तार ओवली, चिठ्ठीवर नाव आणि पिस्तुलाचा नंबर लिहिला, आणि भिंतीवरच्या अक्रोडाच्या फळीवर, सातव्या खिळ्याला ती लटकवली. ही फळी, हे खिळे आणि त्याचा नियम आठ वर्षांपूर्वी मर्लनेच आणला होता. ज्याचं अडकेल त्याची पुंगळी खिळ्यावर. उतरवायची तर त्याच नंबरच्या पिस्तुलाने अख्खी स्पर्धा न अडकता पार करायची, आणि तीही ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत. त्या दिवशी स्पर्धेनंतर चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, जेवण असतं. तोवर जे खिळ्यावर राहतील त्यांची नावं मोठ्याने वाचायची, प्रत्येक नावाला सगळ्यांनी चमचा वाडग्यावर एकदा आपटायचा, आणि फळी वर्षभर शेगडीच्या वर टांगायची. ‘नियम कडक हवा, नाहीतर लोक ढिले पडतात,’ असं त्या वेळी तोच म्हणाला होता. हे वाक्य आता घरी जाताना गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर बसून होतं.

पिस्तुलाला कारखान्याची जन्मभराची वॉरंटी होती. सोमवारी त्याने ते खोक्यात घातलं, आणि फॉर्म भरताना ‘तक्रारीचं स्वरूप’ या रकान्यापाशी पेन थांबलं. थांबायचं कारण त्याला पक्कं माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात, तळघरातल्या टेबलावर, त्याने पिस्तूल पार आतपर्यंत सुटं केलं होतं. पुंगळी खेचून बाहेर टाकतो तो नखाएवढा आकडा त्याला खरखरीत वाटला. म्हणून त्याने त्याला कानस लावली. बारीक, मायेने. मग स्प्रिंग ताठ वाटली म्हणून तिचे दोन वेढे कापले. काम इतकं सुबक झालं की त्याने दिव्याखाली धरून आर्डिसला दाखवलं, आणि ती म्हणाली, “छान आहे हं, काय आहे ते?” नऊ हजार गोळ्या खऱ्या होत्या, पण त्यातल्या आठ हजार आठशे कानशीच्या आधीच्या. आणि हे करणारा माणूस कोण, तर एकतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात तपासनीस. भागाला कुणी परस्पर कानस लावलेली दिसली की लाल चिठ्ठी अडकवून तो बाद. एकदा एका बिचाऱ्या वेल्डरने हात जोडले होते, “उन्रू, केसाएवढं तर घासलंय.” त्यावर मर्ल म्हणाला होता, “केसाएवढंच घासलं म्हणून विमान केसाएवढंच पडत नाही.” केवढा हशा पिकला होता त्या दिवशी कॅन्टीनमध्ये! तो वेल्डर मात्र हसला नव्हता. त्याच्या कपाळावर गॉगलचा गोल वळ होता. सत्तावीस वर्षं झाली, चेहरा आठवत नाही, वळ तेवढा आठवतो. मर्लने रकान्यात लिहिलं : कारण अज्ञात. आणि खोकं टेपने असं गुंडाळलं की जणू आतून काही बोलेल.

चार ते सहा आठवडे, असं कारखान्याने कळवलं. पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं की आपण डावीकडे झुकून चालतोय. वीस वर्षं उजव्या कमरेला जे वजन होतं त्याच्या विरुद्ध अंगाने तोल धरायची शरीराला सवय. वजन गेलं, तोल तिथेच राहिला. किराणा दुकानात तो हळूहळू सूपच्या डब्यांकडे सरकत जायचा. घरात आणखी तीन पिस्तुलं होती, पण ती कपाटातली. एक जोडा दुरुस्तीला टाकला म्हणून दुसऱ्याच्या मापाचा घालून कुणी फिरत नाही. आणि नियम त्याच नंबरचा. पट्ट्याला म्यान मात्र रिकामं लोंबत होतं, आणि रिकाम्या म्यानावरून हात फिरवताना दात पडलेल्या जागी जीभ जावी तसं व्हायचं. शेवटी त्याने घरभर शोधलं आणि त्यात चपखल बसणारी एकच वस्तू सापडली. आर्डिस शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिचा जुना, काळा, लोखंडी स्टेपलर. वजन जवळजवळ तेवढंच.

“मर्ल, माझा स्टेपलर बघितलास का?”

“आहे.”

“कुठे आहे?”

“कमरेला.”

आर्डिसने चष्मा कपाळावर चढवला. बायकोने छत्तीस वर्षांत बघायचं ते सगळं बघितलं होतं, पण हे नवीन होतं. “पस्तीस पोरांचे दाखले टाचायचेत मला. काढ.”

“चालताना तोल जातो गं.”

“बरं झालं. निदान कळलं तरी, इतकी वर्षं तोल कुठे ठेवला होतास ते.” पण स्टेपलर तिने नेला नाही, नवीन आणला. कुणाचा अपमान कुठवर करायचा हे तिला कळत होतं.

ऑक्टोबर उजाडला. मेपलची पानं लाल झाली, आणि ती लाल त्याला चिठ्ठीची लाल वाटायला लागली. दिवसातून चाळीस वेळा तो फोनमध्ये बघायचा : माल तपासणीत आहे. म्हणजे आत्ता कुणीतरी, पांढऱ्या दिव्याखाली, भिंगातून बघतंय. त्या माणसाचा चेहरा तो रंगवायचा आणि दर वेळी त्याला आपलाच चेहरा यायचा, तीस वर्षांपूर्वीचा, मिशीचा, ओठ आवळलेला. गुरुवारचा वर्ग त्याने ‘घसा बसलाय’ म्हणून बंद ठेवला. डुएनचा फोन यायचा. “काय मास्तर, पाहुणे परत आले का माहेरहून?” “येतील.” “नाही, चमचे मोजत होतो मी. नव्या वाडग्यांना आवाज मस्त येतोय.” फोन ठेवून मर्ल ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत बसायचा, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा असाच बसला असताना ती बसण्याची तऱ्हा त्याला ओळखीची वाटली. आजोबा. कॉर्नेलियस उन्रू असेच बसायचे, गव्हाच्या शेताकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर पालथे. शस्त्र हाती न धरणाऱ्या जुन्या मेनोनाइट पंथाचे; कोंबडी कापायची सुरीसुद्धा हत्यार म्हणून आजीच्या हातात द्यायचे. एकोणीसशे अठरा साली, महायुद्धात, बंदूक हातात घ्यायला नाही म्हणाले, म्हणून गावाने त्यांच्या गोठ्याच्या दाराला भेकडाचा म्हणून पिवळा रंग फासला. आजोबांनी तो कधी खरवडला नाही. मर्ल सहा-सात वर्षांचा असताना त्या दाराला नख लावून पिवळे पोपडे काढायचा आणि आजोबा म्हणायचे, “राहू दे. ज्याने लावलाय त्याला काढायला येऊ दे.” ते वाट बघायचे. पावसाची, गव्हाला भाव येण्याची, प्रभू परत येण्याची. आणि त्यांचा नातू, त्याच हाडांचा, त्याच पालथ्या हातांचा, वाट बघत होता पिस्तुलाची. आजोबांनी वरून बघितलं तर काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत, नुसते बघतील, आणि तेच वाईट. मर्लने हात गुडघ्यांवरून उचलले, पण दुसरीकडे कुठे ठेवायचे ते सुचेना. मग एक स्टेपलरवर ठेवला.

शेवटच्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी फोनने कळवलं : माल आज येईल, घरी सज्ञान माणूस हवा, सही लागेल. सज्ञान माणूस सकाळी सहापासून दाढी करून तयार होता. दहा वाजता त्याला वाटलं, हात थोडा मोकळा करावा. तळघरात भिंतीवर पाच कागदी ताटल्या चिकटवलेल्या होत्या. स्टेपलर म्यानातून उपसायचा, नेम धरायचा, तोंडाने ‘ठो’ म्हणायचं. पण कान झाकल्याशिवाय त्याच्या हाताला कळायचंच नाही की काम सुरू झालंय. वीस वर्षांची सवय. त्याने कानांवर चांदमारीवरचे, आवाज अडवणारे जाड डबे चढवले. आत शिरल्याबरोबर जग कापसात गुंडाळलं गेलं. स्वतःचा श्वास, रक्ताची धडधड, आणि ‘ठो’. पाच ताटल्या, पुन्हा पाच, पुन्हा. असा हात चालला होता की बास! सहा आठवड्यांत प्रथमच त्याला आपण सरळ उभे आहोत असं वाटलं. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन वर आला तर दाराला चिठ्ठी : आम्ही येऊन गेलो. तीनदा बेल वाजवली.

गुरुवारी तो ओट्यावरून हलला नाही. कॉफी प्यायला नाही, कारण कॉफी प्यायली की आत जावं लागतं. प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला तो उठून उभा राहायचा. शाळेची बस, कचऱ्याची गाडी, समोरच्यांचा पिझ्झा. दोन वाजून दहा मिनिटांनी कुरिअरची गाडी कोपऱ्यावर वळली आणि त्याच्या आत काहीतरी उसळलं, लहानपणी आइस्क्रीमच्या गाडीला उसळायचं तेच. गाडी दोन घरं अलीकडे थांबली. चुकली की काय? पुढे जाते की काय? चौसष्ट वर्षांचा मर्ल उन्रू पायऱ्या उतरून हिरवळीवरून धावत सुटला, ‘थांबा, थांबा’ ओरडत, आणि धावताना स्टेपलर मांडीवर आपटत होता म्हणून तो उजव्या हाताने घट्ट धरून. निळ्या टोपीतल्या बाईने आरशात बघितलं. मग मान वळवून बघितलं. मग गाडी उलटी घेऊन तिने जो कोपरा गाठला त्याला तोड नाही. मर्ल रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभा राहिला. खिशात फोन थरथरला : माल देता आला नाही. कारण : ग्राहक.

“सर, इथे नोंद आहे की एक गृहस्थ कमरेच्या हत्याराला हात घालून अंगावर धावून आले,” फोनवरची मुलगी फार मृदू आवाजात म्हणाली.

“बाई, तो स्टेपलर होता!”

“सर, स्टेपलर घेऊन का धावत होता तुम्ही?”

याचं उत्तर गेल्या हिवाळ्यापासून सुरू होत होतं. “आता पुन्हा तुमच्या पत्त्यावर कुणी येणार नाही सर. शनिवारी सकाळी आठला डेपो उघडतो, ओळखपत्र घेऊन तिथूनच न्या.” स्पर्धा दहाला. त्या दोन रात्री तो झोपला का, हे आर्डिसला विचारावं. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो झोपेत दोनदा ‘ठो’ म्हणाला.

शनिवारी पावणेआठला डेपोच्या दारात त्याच्या पुढे सहा माणसं. तासाभराने त्याचा नंबर लागला. काउंटरवर चंदेरी नखांची एक पोरगी. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, कमरेकडे बघितलं. “काका, दारावरचा फलक वाचला का? हत्यार आत आणायचं नाही.”

“अगं, हा स्टेपलर आहे.” त्याने तो काढून एक पिन काउंटरवर मारूनही दाखवली.

“फलकावर हत्यार लिहिलंय. आता तुम्ही ज्या पद्धतीने तो बाहेर काढलात ना, ते हत्यारच.” मागच्या रांगेने मान डोलावली. तो बाहेर गेला, स्टेपलर गाडीत ठेवला, परत येऊन रांगेच्या शेपटाला उभा राहिला. पाच माणसं. नऊ वाजून वीस मिनिटांनी खोकं हातात आलं आणि त्या वजनाने त्याचा उजवा खांदा आपोआप खाली येऊन जागेवर बसला.

गाडीत बसून त्याने टेप फाडली. पेटी, पेटीत पिस्तूल, तेलाचा तो गोडसर वास. आणि वर कागद. ‘आकडा : मालकाने घासलेला आढळला. बदलला. स्प्रिंग : मालकाने कापलेली आढळली. बदलली. पिस्तूल मूळ स्थितीत आणले. अशा प्रकारचे काम आमच्या विभागात यापूर्वी आढळलेले नाही. यापुढे आतील भाग मालकाने उघडल्यास वॉरंटी संपुष्टात येईल.’ खाली सही, वाचता न येणारी. आणि छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत तो आकडा, त्याला अडकवलेली लाल चिठ्ठी. त्याने हजारो अशा चिठ्ठ्या अडकवल्या होत्या, आयुष्यात कधी एकही घेतली नव्हती. दोरा कसा बांधलाय बघितलं. दोन गाठी, टोक आत दुमडलेलं. बरोबर, असाच बांधायचा. डोळ्यांत पाणी आलं ते लाजेचं होतं हे खरं, पण पूर्ण खरं नव्हतं. कुठेतरी दूर, पांढऱ्या दिव्याखाली, एक माणूस अजून ओठ आवळून काम नीट करत होता, आणि त्याने मर्लला सोडलं नव्हतं. तो गॉगलचा वळ त्याला दिसला. वेल्डरबुवा, फिट्टंफाट झाली हं आपली, असं काहीतरी तो पुटपुटला. मग कागद घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि गाडी अशी काढली की चंदेरी नखांच्या पोरीने खिडकीतून बघितलं.

दहाला दोन मिनिटं कमी असताना तो चांदमारीवर पोचला. डुएन स्टॉपवॉच घेऊन उभाच होता. “या मास्तर! मला वाटलं, पत्र पाठवून हजेरी लावताय.” मर्ल रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि शेवटी त्याची पाळी आली. पाच जागा, प्रत्येक जागी पाच लोखंडी ताटल्या. पिस्तूल हातात वेगळं लागत होतं. ताठ. नवख्या नवरीसारखं परकं नव्हे, उलट फार जुनं. नऊ हजारांच्या आधीचं, ज्याला त्याने अजून सुधारलं नव्हतं. शिट्टी झाली. पहिली ताटली खणकली आणि पुंगळी उजवीकडे उडाली, उन्हात चमकत, एखादी लाही कढईतून उडावी तशी. दुसरी. तिसरी. तो ताटल्या बघतच नव्हता, पुंगळ्या बघत होता. ताटल्या आपल्या आपण पडत होत्या. दहा, पंधरा. चौथ्या जागी एक पुंगळी टोपीच्या कडेवरून उडून थेट कॉलरमध्ये शिरली आणि पाठीवरून चटके देत खाली गेली. ती जळजळ त्याला कुणी पाठीवर शाबासकी द्यावी तशी लागली. बाहेर येतायत! सगळ्या बाहेर येतायत! पंचविसावी ताटली पडली तेव्हा तो पिस्तूल रिकामं करून, दाखवून, म्यानात घालून मगच ओरडला. काय ओरडला ते कुणाला कळलं नाही. डुएनने स्टॉपवॉच कानाला लावून हलवलं. “मास्तर, हे बिघडलंय बहुतेक. हे म्हणतंय तू पहिला आलास.”

क्लबघरात चिलीचा वाफाळता वास आणि दालचिनीचे गोड पाव. कॅन्ससात चिलीबरोबर हेच खातात आणि का विचारत नाहीत. फळी टेबलावर आणली. नाव डुएनलाच काढावं लागलं. त्याने सातव्या खिळ्यावरची पुंगळी उतरवून मर्लच्या तळहातावर ठेवली आणि सगळ्यांनी चमचे वाडग्यांवर असे बडवले की आर्डिसने कान झाकले. बाकीच्या सहा खिळ्यांना एकेकच आवाज मिळाला. मग डुएन वाकून म्हणाला, “आता खरं सांग. कारखान्याने काय लिहिलंय?”

कागद छातीशी होता, श्वासाबरोबर कुरकुरत. मर्लला आजोबा दिसले, हात पालथे, नुसते बघणारे. त्यांच्यासमोर खोटं बोलणं शक्यच नव्हतं. “असं काम,” तो सावकाश म्हणाला, “त्यांच्या विभागात यापूर्वी कुणी बघितलेलं नाही.”

“बाप रे!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि चमचे पुन्हा वाजले. अक्षर न् अक्षर खरं होतं. आर्डिस त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होती. तिने दिव्याखाली धरलेला तो आकडा बघितला होता. तिने एक गोड पाव त्याच्या ताटात वाढला, थोडा आदळूनच.

खिळ्यावरून सुटलेल्याने उरलेल्या चिलीचं पातेलं घरी न्यायचं, हाही नियम त्याचाच. पातेलं मागच्या सीटवर ठेवलं, शेजारी पिस्तुलाची पेटी. पेटी उघडी, कारण त्याला सिग्नलला मागे वळून बघायचं होतं. गाडी चालवताना तो सरळ बसला होता, डावीकडे कणभरही न झुकता, आणि आर्डिसला पुढच्या गुरुवारच्या वर्गाचा विषय सांगत होता : कानस कधी लावू नये. घराच्या कोपऱ्यावर पुढची कुरिअरची गाडी अचानक थांबली. निळ्या टोपीतली बाई उतरली. मर्लने जोरात ब्रेक दाबला.

पेटीत साधारण अर्धं पातेलं गेलं. बाहेरून पुसता येण्यासारखं होतं तेवढं आर्डिसने पुसलं. आतलं उघडायचं नव्हतं. सोमवारी मर्लने नवीन फॉर्म घेतला आणि ‘तक्रारीचं स्वरूप’ या रकान्यात, या वेळी पेन न थांबवता, लिहिलं : राजमा.